मेल्यानंतरचा चहा

लग्नाची कॅसेट जुळवणाऱ्याला आधी नवरी ओळखता यायला हवी, असं तुम्हाला वाटेल. नवरी कोणीही ओळखतो. आधी ओळखावा लागतो रुसणारा माणूस. दर लग्नात एक असतोच. थोरला मामा, आत्याचे यजमान, नाहीतर जिजाजी. तो कॅसेटीत पोटभर दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी चार माणसं दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहतात आणि चहासुद्धा घेत नाहीत.

हे काम मी भिलाईच्या पॉवर हाऊस बाजारात केलं. वडील रेल्वेत गार्ड, नागपूरकडून दुर्गला आलेले. मी गाडीवर न जाता दुकान टाकलं याचं त्यांना शेवटपर्यंत नवल होतं. शूटिंग करणारे वेगळे. मी मिक्सिंगवाला. दोन प्लेअर, मधे मिक्सर, पुढे रेकॉर्डर, आणि एक टीव्ही, ज्यात सगळ्या नवऱ्या थोड्या हिरव्या दिसत. शूटिंगवाला कॅसेटी आणून टाकायचा, त्यांतलं चांगलं तेवढं उचलून, गाणी आणि इफेक्ट घालून मी एक लग्न तयार करायचो. इफेक्ट म्हणजे हार घालताना गुलाबाच्या पाकळ्या पडणार, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना पडद्याच्या मधोमध बदामाचा आकार उघडत जाणार. त्याला आम्ही नुसतं 'दिल' म्हणायचो. "भैया, दिल जरा ज्यादा डालना," असं गिऱ्हाईक सांगून जायचं, पानवाल्याला चुन्याचं सांगावं तसं.

त्या मशीनवर एक गोष्ट फार वाईट होती. जे रेकॉर्ड झालं ते झालं. मधला तुकडा काढून मागं-पुढं सरकवणं नाही. चूक सापडली तर तिथपासून शेवटापर्यंत सगळं नव्यानं करायचं.

कुम्हारीचं एक कुटुंब होतं. लग्नातच जिजाजींशी भांडण झालं आणि मुलीचे वडील म्हणाले, हा माणूस पूर्ण कॅसेटीतून गायब पाहिजे. मी पाकळ्या पाडल्या, दिल उघडले, जिथं काहीच जमलं नाही तिथं त्यांच्या तोंडावर 'शुभ विवाह' लिहिलं. थोड्या महिन्यांनी समेट झाला. आता स्वतः जिजाजी पायरीवर. "मेरे मुँह पर शुभ विवाह किसने लिखा?" मी म्हणालो, घरच्यांनी सांगितलं तसंच केलं. हे वाक्य आमच्या धंद्याची छत्री आहे. ऊन असो की पाऊस, उघडायची आणि खाली उभं राहायचं.

दुसरा नियम असा, की कॅसेटीच्या नंबरानं चालायचं. एक नंबर हळद, दोन नंबर वरात, मग फेरे, मग विदाई. लग्नात आधीचं आधी होतं आणि नंतरचं नंतर. त्यामुळे सीझन जोरात असला की हात नंबरावर चालायचे, डोकं झोपलं तरी चालायचं.

हे सगळं सांगण्याला कारण आहे. मेश्रामकाकांवर सिनेमा निघाला आहे. त्यांच्या आयुष्यावर, खराखुरा, मुंबईचे नट घेऊन. त्यात माझंही एक पात्र आहे आणि त्याच्या तोंडी एक वाक्य होतं. वाक्य माझंच होतं. खोटं होतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'धंद्यातल्या गमती' लिहायला सांगितल्या आहेत. जिजाजींची गंमत झाली. आता दुसरी सांगतो.

देवाजी मेश्राम भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. छताखालून रुळावर चालणारी मोठी क्रेन, तिच्या केबिनमध्ये उभं आयुष्य गेलं. खाली माणसं मुंग्यांसारखी, त्यांतला एक हातानं खुणा करणार आणि त्या पाहून काका वरून लोखंड उचलणार. त्यांना सिनेमाचं वेड कधी लागलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "वरून पाह्यलं ना पमोद, तं सब्बन सिनेमाच दिसते," एवढंच म्हणायचे.

आणि त्यांचा सिनेमाही तसाच होता, वरून. कॅमेरा पाण्याच्या टाकीवर, गच्चीवर, नाहीतर जांभळाच्या झाडावर. नायक रडतो आहे की जांभया देतो आहे ते कळायचं नाही, कारण दिसायची टाळू. मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, तोंड दिसलं पायजे ना थोडं." ते म्हणाले, "तोंडानं माणूस खोटं बोलते. चाल पाहा त्याची." वाक्य भारी होतं. पण पडद्यावर चालही दिसायची नाही, टाळूच दिसायची.

सेटवर ते बोलायचे नाहीत, क्रेनच्या खुणा करायचे. तळवा खाली करून बोट फिरवलं म्हणजे 'हळू उतरव'. त्यांच्या मनात असायचं, आवाज खाली घे. नट खाली बसायचा. कलाकार सगळे शेजारपाजारचे, ज्याची ज्या दिवशी प्लांटमध्ये पाळी नाही तो त्या दिवशी येणार. 'दुसरी पाळी' या त्यांच्या पहिल्या सिनेमात भाऊ मराठीत विचारतो आणि सख्खी बहीण छत्तीसगढीत उत्तर देते. काका म्हणाले, "भिलाईत असंच राह्यते." ते मात्र खरं होतं.

त्या सिनेमात एकच माणूस चांगला होता. शांताकाकू, त्यांची बायको. विहारात जयंतीच्या नाटकात त्या दरवर्षी काम करायच्या, आणि त्यांचा प्रवेश असला की बाया हातातलं पोर दुसरीकडे देऊन पुढे सरकायच्या. सिनेमात त्या आई झाल्या. आईला मरायचं होतं. मेल्याचं काम करायला वस्तीतली एकही बाई तयार नव्हती. अंगावर पांढरं घेऊन, हार घालून कोण निजणार? काकू म्हणाल्या, "मी निजतो. मरन काही काम पाहून येते का?" आणि त्या एकाच दृश्यासाठी काका पाण्याच्या टाकीवरून खाली उतरले. कॅमेरा बायकोच्या चेहऱ्याजवळ नेला.

गोष्ट साधी होती. आई रोज मुलाला पाळीआधी चहा देते, "चहा घे रे बाबू, पाळीले उशीर होते" म्हणते. शेवटी मुलगा दुसऱ्या पाळीत असताना आई मरते. पण मरणाचं शूटिंग आधी झालं, कारण शेजारचं क्वार्टर तेव्हाच रिकामं होतं आणि रडणाऱ्या बाया तेव्हाच मोकळ्या होत्या. म्हणजे मरण आधीच्या कॅसेटीत आणि चहा नंतरच्या.

काका कॅसेटी घेऊन दुकानात आले तेव्हा लगनसराई ऐन भरात होती. माझ्या कानाला हेडफोन, समोर कोणाचे तरी फेरे. काका दारातूनच म्हणाले, "पमोद, मरनाची कॅसेट शेवटी लावजो बरं. नंबरावर जाऊ नको. मले पाळी आहे, मी चाललो."

मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

सिनेमा मी लग्नांच्या फटीत मिक्स केला. हात नंबरावर गेले. आई मेली, मुलगा "आई!" करून रडला, आणि पुढची कॅसेट लावली तर काकू चहाचा कप घेऊन आल्या. इथं मी थांबलो होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. हात थांबले होते. मग मनाला म्हटलं, सिनेमा आहे, आठवण-बिठवण असेल. आठवण दाखवायची तर मधे इफेक्ट पाहिजे. माझ्या बोटाखाली सवयीचं बटण होतं. मी दिल टाकलं.

शेवटची कॅसेट लावताना काकांचं बोलणं आठवलं. आठवलं नाही असं मी स्वतःलाही बरीच वर्षं सांगून पाहिलं, पण आठवलं होतं. सगळं पुन्हा करायचं तर एका लग्नाची कॅसेट राहिली असती, आणि ते लोक मुलीकडचे होते, कॅसेट सासरी पाठवायला अडून बसलेले. सिनेमा दाखवायच्या दिवशी सकाळी मी कॅसेट सरळ हॉलवर पोचवली. काका ड्यूटीवरून तिथंच येणार होते. त्यांनी ती पाहिलीच नव्हती.

सेक्टरमधलं सामाजिक भवन भरलं होतं. छत्तीसगढ राज्य तेव्हा नवं होतं, सगळ्यांनाच काहीतरी आपलं हवं होतं, आणि हा तर आपल्या माणसाचा सिनेमा. काकू पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. मी मागं प्रोजेक्टरपाशी. टाळूंवर लोक जरा चुळबुळले, पण सांभाळून घेत होते. मग मरण आलं. हॉल गप्प झाला. एक म्हातारी पदराला डोळे पुसू लागली. काकूंनी काम तसं केलंच होतं.

आणि काकूंच्या मेलेल्या तोंडावर, हार घातलेल्या तोंडावर, गुलाबी बदाम उघडला, आणि त्यातून काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "चहा घे रे बाबू, पाळीले उशीर होते."

असं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. लोक खुर्च्यांवरून खाली आले. डोळे पुसणारी म्हातारीसुद्धा हसली. मला मागून काकूंचा फक्त अंबाडा दिसत होता. तो हलला नाही. मग त्या उठल्या आणि बाजूच्या दारानं निघून गेल्या. त्यांच्यामागं पडद्यावर त्या चहा ओततच होत्या.

सिनेमा संपल्यावर कोणीतरी ओरडलं, "मिक्सिंग कोनं केली बे?" काका समोर उभे राहिले. प्लांटचे बूट पायात, तसेच आलेले. म्हणाले, "मिक्सिंगवाल्यानं मी सांगतलं तसंच केलं. डायरेक्टर मी आहो. चूक माही."

माझीच छत्री त्यांनी माझ्या डोक्यावर धरली. मी बोलायला हवं होतं. मी वायर गुंडाळत राहिलो.

इथपर्यंतही माणसाला माफ करता येईल. पुढचं करता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानात विचारपूस सुरू. "काय रे, तूच जिवंत केली ना ती आई?" लग्नाचं गिऱ्हाईक हातचं जातं की काय असं वाटलं. आणि मी म्हणालो, "मी तर काकांना टोकलं होतं. आई मेली आहे म्हटलं. ते ऐकतच नाहीत." पहिल्यांदा एवढंच. नंतर नंतर मी त्यात काकांच्या खुणाही करून दाखवायला लागलो. लोक हसायचे. गोष्ट छान जमली होती. मिक्सिंगवाल्याला गोष्ट जमवता येतेच.

पोरं रस्त्यात काकूंच्या मागं "चहा घे रे बाबू!" ओरडायची. बाजारात बाया विचारायच्या, "काकू, आज जिवंत का?" काकूंनी जयंतीच्या नाटकात काम करणं सोडलं. पुढं पुढं त्या नाटक बघायलाही जाईनात.

काका मात्र थांबले नाहीत. रजा साठवून साठवून आणखी सिनेमे काढले, एकापेक्षा एक वाईट, आणि सगळे माझ्याकडेच आणले. मी काम इतकं नीट करायचो की बस. प्रत्येक कॅसेट त्यांना दाखवल्याशिवाय पुढं गेलो नाही. पण त्या सगळ्या सिनेमांत आई पहिल्या दृश्यापासून भिंतीवरच्या फोटोत असायची, हार घालून. मी कधी विचारलं नाही. ते कधी बोलले नाहीत. आम्ही दोघं त्या फोटोवर कॅमेरा किती वेळ ठेवायचा एवढंच बोलायचो.

मग कॅसेटी गेल्या, सीडी गेली, मोबाइल आला, आणि कोणीतरी तो तुकडा मोबाइलवर चढवला. हार, बदाम, चहा. कुठून कुठून लोक पाहू लागले. तो तुकडा पाहून रायपूरची एक मुलगी, ऋचा, मुंबईत सिनेमा शिकलेली, काकांना शोधत आली. त्यांच्यावरच सिनेमा करायचा म्हणाली. थट्टा करायला आली नव्हती, हे मी आधीच सांगतो. काकांचे सगळे सिनेमे तिनं पूर्ण पाहिले होते. मी मिक्स केले होते, तरी मी ते पूर्ण पाहिले नव्हते.

भिलाईजवळ हथखोजला कारखान्याच्या एका बंद शेडमध्ये त्यांचं शूटिंग सुरू झालं. शेडमध्ये क्रेन होती म्हणून. एका कोपऱ्यात माझ्या जुन्या दुकानाचा सेट लावला. माझ्या माळ्यावरचे दोन प्लेअर, मिक्सर, रेकॉर्डर, सगळं त्यांच्या माणसानं दुरुस्त करून चालू केलं. मला बोलावलं होतं ते बटणं दाखवायला. माझं काम करणारा नट भला मुलगा. मान कशी हलवायची, हेडफोन कसा लावायचा, सगळं विचारायचा. मग तालीम झाली. काकांचं काम करणारा नट दारातून आला, आणि माझं काम करणारा कळवळून म्हणाला, "काका, माँ तो मर चुकी है! लोग हँसेंगे!" आणि काका हातानं खूण करून म्हणाले, "तू बटन दबा."

सगळ्या शेडनं टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

ऋचा मागून आली. "क्या हुआ अंकल? कुछ गलत है?"

मी म्हणालो, "वो लाइन. मैंने टोका नहीं था."

ती हसली. "आप भी ना! इतने मॉडेस्ट मत बनिए. मुझे तो खुद मेश्राम अंकल ने बताया है. बोले, लड़के ने टोका था, मैं ही नहीं माना."

म्हणजे माझं खोटं बाजारातून फिरत काकांपर्यंत पोचलं होतं. कधी, कोण जाणे. आणि विचारलं तेव्हा त्यांनी तेही आपल्याच अंगावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी दुर्गला पद्मनाभपुरात गेलो. रिटायर झाल्यावर त्यांनी तिथं लहानसं घर बांधलं आहे. काका अंगणात बाजेवर, काकू समोर अंबाडीची भाजी निवडत. काकांनी माझं तोंड पाहिलं आणि मी कशाला आलो ते बहुतेक ओळखलं. घाईनं म्हणाले, "ये पमोद. शांता, चहा ठेव. आधी चहा घे तू."

"काका, मला काकूंशी बोलायचं आहे."

"चहा घे ना बाप्पा आधी!"

मी उभ्यानंच सांगितलं. मान हलवली ते, नंबर, दिल, हात थांबले होते ते, शेवटच्या कॅसेटीला आठवलं ते, आणि दुकानात बसून जे सांगत राहिलो ते. काकूंचे हात भाजीवर चालूच होते. मी थांबल्यावर ते थांबले.

"म्हंजे यायनं नाही केलं?" काकांकडे बोट दाखवत काकू म्हणाल्या.

"नाही."

"यायनं बरोबर सांगतलं होतं? का मी शेवटी मरतो म्हनून?"

"हो."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अन् तुमी मले बी नाही सांगतलं? इतकी वर्सं मी तुमाले बोलून राहिली. जेवता जेवता बोलली. पाहुन्यांपुढं बोलली. तुमी कावून नाही सांगतलं?"

काका बाजेच्या दोरीशी चाळा करत होते. "तुले सांगतलं असतं, तं तू बाजारात जाऊन याचं दुकान बंद केलं असतं."

"केलंच असतं!"

"तेच म्हनतो. नवं दुकान होतं त्याचं." मग दोरी सोडून म्हणाले, "हे पाय, क्रेनवरून माल पडला, तं खुना कोनं केल्या ते मागून इचारतात. वर कोन होतं ते पह्यले इचारतात. वर मी होतो."

"वर तुमी होते, पन खाली मी होती ना!" काकू म्हणाल्या. "माल माह्यावर पडला."

मी पुढं होऊन काकूंच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय ओढून घेतले.

"ते राहू दे. माफी-बिफी तुह्यापाशीच ठेव. अन् चहा मी तुले आज देनार नाही."

"बरं काकू."

मी चपला घातल्या. फाटकापर्यंत आलो तर मागून आवाज आला. "पमोद. त्या कॅसेटी आहेत का रे?"

होत्या. आमच्या धंद्यात जुन्या कॅसेटीवरच नवं लग्न चढवतात, ती पद्धतच आहे. पण त्या कॅसेटींवर मी कधी लग्न चढवलं नाही. त्याला चांगुलपणा म्हणू नका. हात लावायची हिंमत नव्हती.

"आहेत."

"मंग मले माह्या जाग्यावर मरू दे," काकू म्हणाल्या. "मी तो सिनेमा पुरा पाह्यलाच नाही."

हथखोजला जाऊन मी ऋचाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अंकल, फिर तो इस कहानी के विलन आप हो गए." मी म्हटलं, "तो बना दो." तिनं काकांना फोन लावला. काका तिला म्हणाले, "बेटी, पिक्चर तेरी है. जो तुझे ठीक लगे. गलती हुई तो तेरी, बस." काकांनी आयुष्यात कोणाला दिग्दर्शनाचं एवढंच शिकवलं असेल.

तिनं मला विलन केलं नाही. वाक्य मात्र काढून टाकलं. सामाजिक भवनाच्या दृश्यात आता लोक हसतात, काका उभे राहतात, आणि माझं पात्र मागं प्रोजेक्टरपाशी काही न बोलता वायर गुंडाळतं. ऋचा म्हणाली, "आपका डायलॉग चला गया, सॉरी." मी म्हटलं, आता बरोबर आहे.

शूटिंगला सुट्टी होती त्या दिवशी तिनं मला सेटवरचं माझंच दुकान वापरू दिलं. मी 'दुसरी पाळी' नव्यानं मिक्स केली. नंबर बघितले नाहीत. एकही दिल टाकलं नाही. चहा चहाच्या जागी गेला, आणि मरण अगदी शेवटी.

मग एक प्लेअर उचलून पद्मनाभपुरात नेला. दुपारची वेळ, काकांनी खिडक्यांना चादरी लावल्या. आम्ही तिघंच. काकू दिवाणावर, काका खुर्चीत, मी खाली वायरीपाशी, माझ्या जागी.

खरं सांगतो, मला आशा होती. इतकी वर्षं मनात एक सिनेमा होता, माझ्यामुळे वाया गेलेला, नाहीतर चांगला असलेला. तसं काही नव्हतं. टाळू दिसत राहिल्या. भाऊ मराठीत विचारत होता, बहीण छत्तीसगढीत उत्तर देत होती. एका दृश्यात जांभळाची फांदीच पडद्यावर बराच वेळ हलत होती, माणसं तिच्या मागं कुठंतरी भांडत होती. काकू मधेच म्हणाल्या, "हे कोन आहे?" काका म्हणाले, "तो हीरो आहे." "मंग मागं कावून उभा केला?"

मग काकू चहा घेऊन आल्या. साध्या, दारातून. "चहा घे रे बाबू, पाळीले उशीर होते." मुलगा चहा पिऊन गेला. मुलगा पाळीत असताना आई निजली ती निजलीच. कॅमेरा खाली उतरला, चेहऱ्याजवळ गेला, आणि तिथंच थांबला. बाया रडल्या. पडदा काळा झाला. त्यानंतर काही आलं नाही.

टीव्हीवर नुसत्या मुंग्या, खरखर आवाज. मी बंद करायला हात पुढं केला, तेव्हा काका म्हणाले, "सिनेमा वाईटच आहे रे, पमोद."

मी खोटं बोलायचं सोडलं होतं. गप्प बसलो.

"पन आता जसा वाईट आहे," काका म्हणाले, "तसा माहा आहे."

"तुमचा असन वाईट," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "मी चांगली मेली."

आणि उठून आत गेल्या. मी वायर गुंडाळायला लागलो. काका चादरी काढायला लागले, एका चादरीचा खिळा निघेना, त्याच्याशी झटत राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग पडदा सरकला आणि दारात काकू उभ्या राहिल्या, हातात ट्रे. तीन कप.

काकांनी पाहिलं. मी पाहिलं. काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि त्यांनी चटकन तोंड खिडकीकडे फिरवलं. मी खाली बघू लागलो. दोघांचीही हिंमत नव्हती.

काकू दारातच उभ्या. आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत.

"हासा ना आता," त्या म्हणाल्या. "मेलेल्या बाईनं चहा आनला."

आणि आधी त्याच हसल्या.